जुना फिल्म कॅमेरा आणि पाहण्याची रीत : रोलीफ्लेक्सच्या आजच्या वापराची समीक्षा

सारांश

फिल्मवर चालणारे जुने यांत्रिक कॅमेरे अलीकडच्या काळात पुन्हा वापरात येऊ लागले आहेत. त्यांच्या समर्थनार्थ प्रामुख्याने तीन दावे केले जातात. फिल्मवरील प्रतिमेचा पोत श्रेष्ठ असतो, हा पहिला. मोजक्या चौकटींमुळे छायाचित्रकाराच्या अंगी संयम येतो, हा दुसरा. यंत्राच्या विशिष्ट घडणीमुळे पाहण्याची रीत बदलते, हा तिसरा. प्रस्तुत लेखात रोलीफ्लेक्स हा दोन भिंगांचा कॅमेरा उदाहरणादाखल घेऊन या तीनही दाव्यांची तपासणी केली आहे. पहिले दोन दावे अंशतःच टिकतात. तिसरा दावा मात्र, काही मर्यादा मान्य करून, स्वीकारण्याजोगा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या निष्कर्षाचा काय अर्थ होतो, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजसंज्ञा : फिल्म कॅमेरा, रोलीफ्लेक्स, छायाचित्रण-समीक्षा, संपर्कपत्र, उपकरण.

१. प्रस्तावना

एखादे तंत्र कालबाह्य ठरले म्हणजे त्याचा वापर संपतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. छायाचित्रणाच्या बाबतीत हा समज पुरता खरा ठरलेला नाही. कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले, तेव्हा फिल्मचे युग संपले, असे अनेकांनी लिहिले. त्यानंतरचा घटनाक्रम मात्र वेगळा आहे. याच कंपनीने २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली. लायका कंपनीने आपला एम-६ हा फिल्म कॅमेरा २०२२ मध्ये नव्याने काढला. इंग्लंडमधील हारमन या संस्थेने २०२३ च्या अखेरीस फिनिक्स ही रंगीत फिल्म सादर केली. २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा पूर्णतः नवा फिल्म कॅमेरा विक्रीस आला. या घटनांवरून फिल्मचे पूर्वीचे साम्राज्य परत आले, असा निष्कर्ष काढणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु तिचा एक छोटा, टिकाऊ वापरकर्ता वर्ग निर्माण झाला आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

या वर्गाविषयी जे लेखन होते, ते बहुतांशी दोन टोकांचे असते. एका बाजूला गतकाळाच्या ओढीने भारावलेले स्तुतिपर लेखन, तर दुसऱ्या बाजूला हा सारा हौशी श्रीमंतांचा खेळ आहे, अशी उपेक्षा. दोन्ही भूमिकांत मूळ प्रश्न बाजूला राहतो. तो प्रश्न असा : आज, हातातील फोनवर क्षणात उत्तम छायाचित्र मिळत असताना, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कॅमेरा वापरणाऱ्यास अन्य मार्गाने न मिळणारे असे काही मिळते काय? मिळत असल्यास ते नेमके कोणते? केवळ आनंद मिळतो, हे उत्तर खोटे नव्हे. पण आनंदाचे कारण शोधणे हेच समीक्षेचे काम होय.

२. यंत्राची घडण

सर्व जुन्या कॅमेऱ्यांविषयी एकच विधान करता येत नाही, म्हणून येथे एकच यंत्र निवडले आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे १९२० मध्ये पॉल फ्रँके व राइनहोल्ड हायडेके यांनी स्थापन केलेल्या संस्थेने १९२९ मध्ये रोलीफ्लेक्स बाजारात आणला. एकावर एक अशी दोन भिंगे, हे त्याचे दर्शनी वैशिष्ट्य. वरच्या भिंगातून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसविलेल्या आरशावरून वर वळतो आणि दुधी काचेवर प्रतिमा उमटवतो. खालच्या भिंगातून प्रत्यक्ष फिल्मवर प्रकाश पडतो. वापरणारा कॅमेरा पोटाशी किंवा छातीशी धरतो आणि मान खाली घालून काचेत पाहतो. पुढील काळातील प्रारूपांत १२० आकाराच्या फिल्मवर बारा चौरस चौकटी मिळतात. १९३७ च्या ऑटोमॅट प्रारूपात फिल्मची जाडी दोन रुळांमध्ये आपोआप ओळखली जाऊन पहिली चौकट जागेवर येते, अशी सोय होती. विजेचा किंवा बॅटरीचा यात कोठेही संबंध नाही.

या घडणीतून काही गोष्टी अपरिहार्यपणे उद्भवतात. आरसा स्थिर असल्याने छायाचित्र टिपले जाते त्या क्षणीही काचेवरील दृश्य नाहीसे होत नाही. शटर भिंगातच असल्यामुळे त्याचा आवाज अगदी अल्प असतो. प्रतिमा सुलटी दिसते, पण तिची डावी-उजवी बाजू उलटलेली असते. त्यामुळे डावीकडे जाणारा माणूस काचेत उजवीकडे सरकतो. दोन भिंगांमध्ये काही सेंटीमीटरचे अंतर असल्याने जवळच्या वस्तूंच्या बाबतीत डोळ्याला दिसणारे व फिल्मला दिसणारे दृश्य किंचित भिन्न असते. चौकट चौरस असल्यामुळे कॅमेरा आडवा धरावा की उभा, हा प्रश्नच उरत नाही. या सर्व गोष्टी गुण आहेत की दोष, हे वापरावर ठरते.

३. पहिला दावा : प्रतिमेचा पोत

फिल्मवरील प्रतिमेत एक प्रकारचा जिवंतपणा असतो, असे वारंवार म्हटले जाते. यातील तांत्रिक तथ्य समजून घेणे आवश्यक आहे. रोलीफ्लेक्सच्या चौकटीचे प्रत्यक्ष माप सुमारे ५६ मिलिमीटर गुणिले ५६ मिलिमीटर असते. म्हणजे तिचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटर फिल्मच्या २४ गुणिले ३६ या चौकटीच्या साडेतीनपटीहून अधिक भरते. साहजिकच मोठ्या छपाईतही रजतकण बारीक राहतात आणि छटांचे संक्रमण मृदू वाटते. निगेटिव्ह फिल्म अतिप्रकाशित भागांचा तपशील सहसा टिकवून धरते, हाही तिचा गुण आहे.

परंतु हा दावा आज करताना एक अडचण दुर्लक्षित राहते. आजची बहुसंख्य फिल्म-छायाचित्रे अंधारखोलीत कागदावर छापली जात नाहीत. रोल धुऊन आल्यावर निगेटिव्ह स्कॅन केली जाते आणि ती पडद्यावर पाहिली जाते. स्कॅनर, त्यातील रंगसुधारणा आणि पडदा या तीन टप्प्यांतून गेल्यानंतर जे दिसते त्यात फिल्मचा वाटा किती व संगणकाचा किती, हे सांगणे अवघड आहे. शिवाय रजतकणांचा आभास निर्माण करणाऱ्या संगणकीय प्रणाली सहज उपलब्ध आहेत. पडद्यावरील लहान प्रतिमेत खरे कण व आभासी कण वेगळे ओळखता येतील, असे कोणीही छातीठोकपणे सांगू नये. म्हणून पोताचा दावा प्रत्यक्ष रासायनिक छपाईपुरता खरा आहे. ज्यांचा प्रवास स्कॅनपाशी संपतो, त्यांनी तो फार ताणू नये, हे बरे.

४. दुसरा दावा : मोजक्या चौकटींचा संयम

रोलवर बाराच चौकटी असल्याने माणूस विचार करून फोटो काढतो, हा दुसरा दावा. तो ऐकताच पटतो, आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी आवश्यक ठरते. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड यांचे १९८४ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांच्यामागे सुमारे अडीच हजार रोल न धुतलेल्या अवस्थेत उरले होते. विनोग्रँड हे विसाव्या शतकातील महत्त्वाचे छायाचित्रकार होत आणि त्यांचे माध्यम फिल्म हेच होते. रोलवर छत्तीस चौकटी असण्याने त्यांच्या हाताला आवर बसला नाही. शिकागोमध्ये दाईचे काम करीत आयुष्यभर छायाचित्रे काढणाऱ्या व्हिव्हियन मायर यांचेही उदाहरण येथे घेता येईल. भाडे थकल्याने त्यांचा साठवणीतील ऐवज २००७ मध्ये लिलावात गेला आणि त्यातून एक लाखाहून अधिक चौकटींचा संग्रह हळूहळू उजेडात आला. त्यातही न धुतलेले शेकडो रोल होते. त्यांचा प्रमुख कॅमेरा रोलीफ्लेक्स होता. म्हणजे बाराच चौकटींचा रोल.

या दोन उदाहरणांवरून चौकटींची संख्या आपोआप संयम शिकवीत नाही, हे स्पष्ट होते. संयम शिकवते ती किंमत. आज फिल्म महाग आहे म्हणून हात आखडतो. पण टंचाईतून आलेली काटकसर आणि विचारातून आलेली निवड या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करू नये.

तथापि या दाव्याच्या पोटात एक निराळे सत्य दडलेले आहे. फिल्मवर चुकीची चौकट पुसून टाकता येत नाही. रोल धुतल्यावर बाराही निगेटिव्ह एकाच कागदावर ठेवून जे संपर्कपत्र तयार होते, त्यात छायाचित्रकाराचा संपूर्ण विचारप्रवास दिसतो : पहिल्या चौकटीत तो दूर उभा होता, तिसरीत पुढे सरकला, पाचवीत त्याने चुकीच्या क्षणी कळ दाबली, सहावीत त्याला हवे ते सापडले, आणि तरीही सातवी काढण्याचा मोह त्याला आवरला नाही. साहित्याच्या अभ्यासकाला लेखकाच्या हस्तलिखितातील खाडाखोड जे सांगते, तेच संपर्कपत्र छायाचित्रणाच्या अभ्यासकाला सांगते. अंकीय कॅमेऱ्यात ही खाडाखोड टिकविता येत नाही असे नाही. पण फसलेले चित्र तेथल्या तेथे पुसण्याची सवय इतकी अंगवळणी पडते की ती बहुधा टिकत नाही. चूक जपून ठेवण्याची सक्ती हा फिल्मचा खरा गुण आहे.

५. तिसरा दावा : समोरच्या माणसाशी नाते

आता सर्वांत महत्त्वाच्या दाव्याकडे वळू. डोळ्याला लावलेला कॅमेरा छायाचित्रकाराचा चेहरा झाकतो. समोरच्या माणसाला चेहऱ्याऐवजी यंत्र दिसते. रोलीफ्लेक्समध्ये असे होत नाही. चेहरा उघडा असतो, मान खाली झुकलेली असते, आणि चौकट जुळवून झाल्यावर मान वर करून, थेट समोर पाहत, बोलता बोलता कळ दाबता येते. कॅमेरा पोटाच्या उंचीवर असल्याने दृष्टिकोन खालून येतो. त्यामुळे उभी व्यक्ती किंचित भारदस्त दिसते आणि लहान मूल त्याच्याच उंचीवरून पाहिले जाते.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ मधील छायाचित्रणविषयक निबंधात आरंभीच्या छायाचित्रांबाबत एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. त्या काळी प्रकाशनास दीर्घ वेळ लागत असल्याने माणसे क्षणातून निसटत नसत, तर त्या क्षणात स्थिरावत, असा त्याचा आशय आहे. रोलीफ्लेक्सची शटरगती सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत जाते; त्यामुळे बेंजामिन यांचे निरीक्षण येथे शब्दशः लागू होत नाही. परंतु उलट्या प्रतिमेत चौकट जुळविणे, भिंग नाभीकृत करणे, प्रकाश अजमावणे यांत जाणारा वेळ समोरच्या माणसालाही मिळतो. तो सावरतो, कंटाळतो, पुन्हा स्वतःच्या चेहऱ्यात परततो. याशिवाय फोटो काढल्यानंतर पाहण्याजोगा पडदाच नसतो. अंकीय कॅमेरा वापरणारा कळ दाबताच पडद्याकडे पाहतो आणि त्या क्षणी समोरच्या माणसाशी असलेला धागा तुटतो. येथे तो तुटत नाही, कारण पाहण्यासारखे दुसरे काही नसतेच.

या यंत्राने अमुकच प्रकारचे चित्र निर्माण होते, असे मात्र म्हणता येणार नाही. डायान आर्बस यांनी १९६२ च्या सुमारास ३५ मिलिमीटर कॅमेरा सोडून रोलीफ्लेक्स हाती घेतला. त्यांच्या चौरस चौकटीतील माणसे कॅमेऱ्याला सामोरी उभी राहतात. आपले छायाचित्र घेतले जात आहे, हे त्यांना पुरेपूर ठाऊक असते. मायर यांच्या अनेक चित्रांत याच्या नेमके उलट घडते. पोटाशी धरलेल्या, जवळजवळ निःशब्द कॅमेऱ्याने त्यांनी रस्त्यावरच्या माणसांना त्यांच्या नकळत टिपले. एकाच घडणीतून सामोरेपणा आणि चोरटेपणा हे दोन्ही निघतात. म्हणजे यंत्र शक्यता देते. नीती देत नाही. मायर यांच्या बाबतीत तर हा प्रश्न दुहेरी होतो, कारण त्यांच्या चौकटींतून निवड करून त्या जगापुढे मांडण्याचे काम प्रामुख्याने इतरांनी केले. जिने स्वतः संपर्कपत्रावर खूण केली नाही, तिची निवड कोणती मानायची?

भारतीय संदर्भात या ठिकाणी होमाई व्यारावाला यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९१३ मध्ये नवसारी येथे जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या व्यारावाला या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. स्पीड ग्राफिक या अवजड कॅमेऱ्याबरोबरच त्यांनी रोलीफ्लेक्सही वापरला. १९७० मध्ये त्यांनी हे काम थांबविले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ मध्ये वडोदरा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांतील सत्ताधारी माणसे सहज, क्वचित बेसावध, पण अवमानित न झालेली दिसतात. याचे श्रेय यंत्राला देणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. मात्र प्रत्येक चौकटीमागे थांबावे लागणाऱ्या त्या काळातील कामाची जी लय होती, तिचा व या संयत अंतराचा काहीएक संबंध असावा, असे वाटते.

६. यंत्र टिकते, उद्योग टिकत नाही

यांत्रिक कॅमेरा शंभर वर्षे चालतो, हे विधान अभिमानाने केले जाते. ते अर्धसत्य आहे. विलेम फ्लुसर यांनी १९८३ मधील आपल्या छायाचित्रण-तत्त्वज्ञानविषयक ग्रंथात कॅमेऱ्याला उपकरण म्हटले आणि प्रत्येक उपकरणामागे ते घडविणारा उद्योग उभा असतो, याकडे लक्ष वेधले. वापरणाऱ्याला आपण मुक्त आहोत असे वाटते; प्रत्यक्षात तो त्या उद्योगाने आखून दिलेल्या शक्यताच पुऱ्या करीत असतो. रोलीफ्लेक्सचे झाकण उघडून चाके व तरफा पाहता येतात, हे खरे. फ्लुसर ज्याला बंद पेटी म्हणतात, ती येथे बरीचशी उघडी आहे. पण फिल्म ही बंद पेटीच राहते.

कोडाक्रोमचा इतिहास याचा ठसठशीत पुरावा आहे. १९३५ पासून चालत आलेल्या या फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. शेवटच्या रोलपैकी एक स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला. त्यातील काही चौकटी त्यांनी मुंबईत व राजस्थानात काढल्या. तो रोल २०१० मध्ये अमेरिकेतील पार्सन्स या गावच्या प्रयोगशाळेत धुतला गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस या प्रयोगशाळेने कोडाक्रोम स्वीकारणे बंद केले. त्या दिवशी जगातील एकही कॅमेरा बिघडला नव्हता. तरीही छायाचित्रणाचा एक प्रकार संपला. आपल्याकडेही उदगमंडलम येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याची इंदू फिल्म एके काळी सर्वत्र मिळत असे. तो कारखाना आता बंद आहे आणि आज येथील वापरकर्ता आयात फिल्मवरच अवलंबून आहे. म्हणून जुना कॅमेरा वापरणे म्हणजे बाजारापासून मुक्ती, ही समजूत सोडून द्यावी. कृष्णधवल फिल्मच्या बाबतीत मात्र परावलंबन तुलनेने कमी आहे, कारण ती साध्या रसायनांनी घरी धुता येते.

७. आपल्याकडील वापर आणि महाविद्यालये

येथील हवामानात जुना कॅमेरा वापरणाऱ्यास काही अडचणींना तोंड द्यावे लागते. कोकण, मुंबई व गोवा या दमट प्रदेशांत पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते आणि ती वेळीच न काढल्यास भिंगाचा लेप कायमचा खराब होतो. कातडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवलेला कॅमेरा बहुधा याच कारणाने निकामी होतो. तो कोरड्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा व अधूनमधून वापरावा, हा साधा उपाय आहे. वंगण वाळल्यामुळे मंद शटरगती अडकणे हा दुसरा नेहमीचा दोष. तो दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चालले आहेत. फिल्म धुण्याचे प्रमाण तापमान वीस अंश सेल्सिअस मानले जाते; वैशाखात नळाचे पाणी त्याहून कितीतरी उष्ण असते, म्हणून द्रावण बर्फाच्या पाण्यात ठेवून थंड करावे लागते. वापरलेल्या हायपोत चांदी विरघळलेली असते. ते गटारात ओतणे योग्य नव्हे.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयांचा विचार करावयास हवा. अनेक जुन्या संस्थांत एके काळी छायाचित्रण मंडळ व अंधारखोली असे. आज त्या खोलीत मोडके फर्निचर असते आणि कॅमेरा जडसंग्रह नोंदवहीत निर्लेखनाची वाट पाहत असतो. हे कॅमेरे भंगारात काढण्यापूर्वी त्यांचा शैक्षणिक उपयोग तपासणे उचित ठरेल. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुधी काचेवर भिंगाची प्रतिमा प्रत्यक्ष दिसते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्षपणाची क्रिया स्वतःच्या हातातील फिल्मवर अनुभवता येते. हायपोतील चांदी पोलादी तारेच्या चोथ्याने परत मिळविणे हा तर स्वतंत्र प्रयोग होऊ शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला छायाचित्र हे साधन कसे घडते, ते कोणत्या निवडीतून येते, हे संपर्कपत्रावरून कळते. वृत्तविद्येच्या विद्यार्थ्याला समोरच्या माणसापुढे थांबण्याची सवय लागते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक दुरुस्त केलेला कॅमेरा, फिल्म धुण्याची एक टाकी, काळी पिशवी, चार रसायने, काचेचा एक तुकडा व साधा दिवा एवढ्यावर संपर्कपत्रापर्यंतचे काम होते. एका विद्यार्थ्याने वर्षात दोन रोल काढले, तरी त्या चोवीस चौकटींवर चर्चा करण्यास एक सत्र पुरेल. हे काम मूल्यांकनाच्या गुणांत बसविण्याची घाई मात्र करू नये. तसे झाल्यास फसलेली चौकट लपविण्याची वृत्ती बळावेल आणि मूळ हेतूच नष्ट होईल.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. फिल्मच्या प्रतिमेचे श्रेष्ठत्व आजच्या संमिश्र प्रक्रियेत सिद्ध करणे कठीण आहे. चौकटींच्या मर्यादेतून संयम आपोआप येत नाही. तथापि चुकांचा पुरावा शिल्लक राहतो आणि त्यातून स्वतःच्या पाहण्याची समीक्षा करता येते. यंत्राची घडण छायाचित्रकाराला समोरच्या माणसापुढे वेगळ्या रीतीने उभे करते. त्या उभे राहण्याचा सदुपयोग करणे मात्र त्याच्याच हाती असते. जुन्या कॅमेऱ्यापासून मिळणारा आनंद यातून उलगडतो. पाहणे, टिपणे आणि पारखणे या आज एकाच क्षणात कोंबल्या गेलेल्या तीन क्रिया हा कॅमेरा पुन्हा वेगळ्या करतो. अंकीय कॅमेरा वापरणाऱ्यालाही ही फारकत साधता येईल. पण तिची ओळख व्हावी यासाठी एकदा तरी फिल्मचा रोल भरून पाहावा, आणि तो धुऊन येईपर्यंत वाट पाहावी. महाविद्यालयाच्या कपाटातील कॅमेऱ्याचे निर्लेखन करण्याच्या ठरावावर सही करण्यापूर्वी संबंधित समितीने एवढा प्रयोग करून पाहणे अनाठायी ठरणार नाही.